करवत किती लांब हवी?

दोन माणसांची मोठी करवत चालताना ज्यांनी पाहिली आहे, अशी माणसं आता साठीच्या पुढचीच सापडतील. आमच्या लहानपणी कोकणात कुणाचं घर बांधायचं निघालं की करवतीवाले येत. ओंडका तिरक्या घोडीवर चढवायचा, गेरूत भिजवलेल्या दोरीनं त्यावर सूत मारायचं, मग एक जण वर आणि एक जण खाली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या करवतीचा एकसुरी आवाज चाललेला असे. खालच्या माणसाच्या डोक्याखांद्यांवर भुसा पडत राही आणि तो डोळे बारीक करून ओढत राही. करवत चांगली माणसाच्या उंचीची. एवढी लांब कशाला, असं तेव्हा कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. हातकरवत मागेपुढे व्हावी लागते. फूटभर जाडीच्या ओंडक्याला फूटभर करवत घेतली तर ती हलणारच नाही, भुसा आतल्या आत साचेल आणि पातं अडकून बसेल. म्हणून लाकडाची जाडी, अधिक हाताची ओढ, एवढी करवतीची लांबी हवी. हाताची ओढ म्हणजे दोन-अडीच फूट धरा. लाकूड जाड होत गेलं की करवत लांब होत जाणार. हे गणित हजारो वर्षं बदललं नाही. मग गेल्या शतकात एकदम बदललं, आणि ते कसं बदललं त्याची ही गोष्ट आहे.

आता ज्याला आपल्याकडे लोक नुसतं ‘कटर’ म्हणतात ती चेनसॉ घ्या. तिच्यात पातं हलतच नाही. एक चपटी पोलादी पट्टी असते, तिला बार म्हणतात. तिच्या कडेनं खोबणीतून दातेरी साखळी गरगर फिरते, सेकंदाला वीस मीटरच्या आसपास. साखळी फिरते, बार जागच्या जागी. म्हणजे हाताच्या ओढीसाठी राखायची दोन-अडीच फूट जागा गेली! बार लाकडाच्या जाडीएवढा असला की पुरे. नव्हे, दोन्ही बाजूंनी कापलं तर जाडीच्या निम्म्याहून थोडा जास्त असला तरी भागतं. असं असूनही पहिली कित्येक वर्षं लोक लांबच लांब बार लावत राहिले. त्याला कारणंही होती. सगळीच काही वेडेपणाची नव्हती.

करवतीच्या लांबीची खरी परीक्षा झाली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातली रेडवुडची झाडं आणि त्याच्या वर ऑरेगन, वॉशिंग्टनमधली डग्लस फर. रेडवुड हे जगातलं सगळ्यात उंच वाढणारं झाड. त्यातल्या थोराड झाडांचा बुंधा वीस फुटांहून रुंद भरतो. आमची शाळेतली वर्गखोली वीस फूट रुंद होती, म्हणजे अंदाज करा! सुरुवातीला ही झाडं कुऱ्हाडीनंच पाडत आणि करवत फक्त आडव्या पडलेल्या खोडाचे तुकडे करायला वापरत. १८८० च्या सुमारास उभं झाड पाडायलाही करवत वापरू लागले. मग हिशेब सुरू झाला: बुंधा आठ फूट, वर दोन माणसांची ओढ, म्हणजे करवत दहा-बारा फुटांची. रेडवुडच्या जंगलात बारा फुटांच्या आणि त्याहूनही लांब करवती होत्या. कधी कधी दोन करवती एकाला एक जोडून घेत.

एवढ्या लांब पात्याची एक गंमत आहे. ते फक्त ओढायचं असतं, ढकलायचं नाही. ढकललं की पातळ पातं वाकतं आणि लाकडात अडकतं. म्हणून समोरचा ओढत असताना आपण हात सैल सोडायचा. ज्याला हे जमत नाही तो साथीदाराच्या मुळावर येतो. त्या लोकांनी या करवतीला दिलेल्या नावाचा अर्थ ‘यातनेचा चाबूक’ असा आहे, यावरून काय ते समजा. बुंध्याचा तळ फार रुंद आणि चिकानं भरलेला, म्हणून ते जमिनीपासून आठ-दहा फूट वर खाचा पाडत, त्यात फळ्या रोवत आणि त्या हलत्या फळीवर उभे राहून कापत. चीक पात्याला धरू नये म्हणून बाटलीतून रॉकेल शिंपडत.

या सगळ्याचे फोटो आहेत. वॉशिंग्टन राज्यात डॅरियस किन्सी नावाचा छायाचित्रकार मोठा कॅमेरा घेऊन लाकूडतोड्यांच्या तळांवर फिरत असे. फोटो डॅरियस काढी, पण घरी अंधाऱ्या खोलीत बसून काचा धुऊन प्रती तयार करण्याचं काम त्याची बायको टॅबिथा करी. (नाव अर्थातच त्याचंच राहिलं.) त्या फोटोंत खाचेत चक्क आडवी झोपलेली माणसं दिसतात आणि झाडाला टेकवून ठेवलेली करवत शेजारच्या माणसाच्या दुप्पट उंच दिसते.

आता साखळीकडे वळू. तिचा जन्म मात्र जंगलात झाला नाही, तो झाला बाळंतिणीच्या खोलीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापायला साखळीची करवत वापरली. घड्याळाच्या साखळीसारखी बारीक साखळी, तिच्या एका कडेला दाते आणि दोन टोकांना दोन मुठी. एटकिनच्या प्रसूतिशास्त्रावरच्या १७८५ च्या पुस्तकात तिचं चित्र आहे. मूल अडलं की कटिभागाचा पुढचा सांधा कापून वाट मोकळी करायची, त्यासाठी ती होती. भूल देण्याचा शोध त्यानंतर साठ वर्षांनी लागला, एवढंच लक्षात ठेवा आणि पुढे चला. मला स्वतःला हा भाग वाचताना पुस्तक मिटावंसं वाटलं होतं.

पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत वुर्झबुर्गच्या बर्नहार्ड हाइनेनं हाडं कापायचं जे यंत्र केलं त्यात आजच्या चेनसॉचे सगळे अवयव आहेत. मधे एक पातळ पट्टी, तिच्याभोवती दातेरी साखळी, मागे दात्यांचं चाक आणि ते फिरवायला हँडल. हा जगातला पहिला ‘बार’ म्हणायला हरकत नाही. लांबी काही इंच. छिन्नी-हातोड्याचे घाव घालून हाड तोडण्यापेक्षा हे किती बरं! इथेही लांबी ठरली ती हाडाच्या जाडीवरूनच.

जंगलासाठी साखळीची करवत करायचे प्रयत्न अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून अनेक झाले. त्यातला एक नेमका आपल्या विषयाचा आहे. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्सनं अखंड फिरणाऱ्या साखळीच्या करवतीचं पेटंट घेतलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर होती ती रेडवुडचीच झाडं. म्हणजे हातकरवतीची लांबी जिथे टोकाला गेली, तिथेच माणसाला दुसरा मार्ग शोधावासा वाटला. पण साखळी फिरवायला लागणारं एंजिन तेव्हा एवढं अवजड होतं की ते जंगलात नेणार कोण आणि झाडाला टेकवून धरणार कोण?

ते काम जर्मनीत झालं. आंद्रेआस श्टील यानं १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत केली. वजन साठ किलोंच्या वर, उचलायला दोन माणसं. १९२७ साली एमिल लेर्प यानं पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि आपल्या यंत्राला त्या डोंगराचंच नाव दिलं. श्टीलची पेट्रोलवरची करवत १९२९ ची, ४६ किलोंची.

या दोन माणसांच्या यंत्रांची रचना पाहिली की मला फार मौज वाटते. एका टोकाला एंजिन आणि ते धरणारा माणूस. मधे लांब बार. आणि बारच्या दुसऱ्या टोकाला एक मूठ, ती धरायला दुसरा माणूस! म्हणजे यंत्र नवं, पण माणसांची जागा जुन्या करवतीचीच, झाडाच्या अल्याड एक आणि पल्याड एक. दुसऱ्या माणसाला मूठ धरता यायची तर बार झाडाच्या पलीकडे बाहेर यायलाच हवा, म्हणून बार लांब. ही लांबी लाकडाची नव्हे, त्या दुसऱ्या मुठीची गरज होती. जुन्या वस्तूचं रूप नव्या वस्तूत काही काळ रेंगाळतं. पहिल्या मोटारी घोडागाडीसारख्या दिसत आणि आगगाडीचे पहिले डबे तीन बग्ग्या एकापुढे एक चिकटवल्यासारखे दिसत, तसंच हे. मी वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना आगगाडीचं उदाहरण देत असे. तेव्हा हे करवतीचं माहीत असतं तर जास्त रंगलं असतं.

आणखी एक अडचण होती. त्या काळच्या एंजिनाचा कार्ब्युरेटर असा असे की एंजिन आडवं केलं की बंद पडे. उभं झाड कापायला पातं आडवं लागतं आणि पडलेलं खोड कापायला उभं. म्हणून एंजिन सरळ ठेवून पुढचा बार तेवढा फिरवता येईल अशी खटपट करावी लागे. १९५० च्या आसपास पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा कार्ब्युरेटर आला आणि एंजिन कसंही कलतं, अगदी उलटंसुद्धा धरता येऊ लागलं. त्याच सुमारास एंजिनं हलकी झाली. श्टीलची १९५० ची एका माणसाची करवत १६ किलोंची होती, १९५९ ची ‘कोंट्रा’ १२ किलोंची.

दुसरा माणूस गेला. त्याच्याबरोबर बारच्या टोकाची मूठ गेली. इथे खऱ्या अर्थानं बारची लांबी मोकळी झाली. आता ती झाडाच्या जाडीवरून आणि एका माणसाच्या ताकदीवरून ठरणार होती.

साखळीच्या दात्यांचीही अशीच कथा आहे, आणि ती टाळून पुढे जाववत नाही. सुरुवातीच्या साखळीला हातकरवतीचेच दाते होते, सरळ ओरखडे काढणारे. त्यांना धार लावणं हा एक उद्योगच. १९४६ साली ऑरेगनमधला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका खोडाजवळ थांबून एका भुंगेऱ्याची अळी पाहत बसला. ती अळी ओल्या, कडक लाकडातून उभं-आडवं कसंही पोखरत चालली होती, आणि तिचे जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकडे, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे कापणारे. कॉक्सनं तसेच दाते साखळीला केले, एक डावा, एक उजवा. १९४७ साली पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात त्यानं साखळ्या बनवायला सुरुवात केली. आज जगात कुठेही जा, साखळीचे दाते त्याच घडणीचे असतात आणि गोल कानशीनं पाच-दहा मिनिटांत त्यांना धार लावता येते.

आता इथून पुढे एकाच यंत्राचे दोन संसार झाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लांब बारची परंपरा राहिली. तिथला लाकूडतोड्या आजही २८ ते ३६ इंची बार लावून हिंडतो. उतारावरची झाडं जाड, एका बाजूला दरी. पलीकडे जाऊन कापण्यापेक्षा एकाच बाजूनं उभं राहून आरपार कापलेलं त्याला सुरक्षित वाटतं. शिवाय लांब बार असला की जमिनीवर पडलेल्या फांद्या न वाकता कापता येतात, कंबर वाचते. उलट स्वीडन, फिनलंडमध्ये स्प्रूस आणि पाइनची सडपातळ झाडं. तिथे आधी धनुष्याच्या आकाराची करवत असे, ती जाऊन १३ ते १५ इंची बारची हलकी यंत्रं आली. तिथल्या माणसाचा निम्म्याहून जास्त वेळ झाड पाडण्यात नव्हे, फांद्या छाटण्यात जाई. त्यासाठी त्यांनी यंत्र खोडावर टेकवून, ठरावीक क्रमानं फांद्या उडवत पुढे सरकायची पद्धत बसवली. लांब बार तिथे नुसती अडचण झाली असती. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण दोघांचं यंत्र एकाच दुकानात शेजारी शेजारी टांगलेलं असतं आणि घेणारा पाहतो ते फक्त आकडे.

लांब बारची किंमत माणसाच्या शरीरानंही दिली. या यंत्राच्या कंपनांनी वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी फटक पडून बधिर होऊ लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मुठी आणि एंजिन यांच्यामध्ये रबराचे बफर घालू लागले ते त्यामुळे. दुसरा धोका जास्त वाईट. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला, तर साखळी तिथे अडते आणि सगळा बार उसळून वर, कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. पापणी लवायच्या आत. याला आवर घालायला १९७० च्या दशकात साखळीचा ब्रेक आला. पुढच्या मुठीसमोर जी ढालीसारखी दांडी दिसते ती त्याचीच. बार जितका लांब तितकं त्याचं टोक डोळ्यांपासून दूर, आणि तितकी ते पलीकडच्या न दिसणाऱ्या फांदीला लागायची शक्यता जास्त.

आणि तिसरी किंमत झाडांनी दिली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं मूळचं जुनं रेडवुड जंगल आज सुमारे पाच टक्के उरलं आहे. त्यातलं पुष्कळसं हातकरवतीनंच गेलं होतं, हेही सांगायला हवं. सगळं खापर यंत्रावर फोडणं सोपं आहे, पण बारा फुटी करवत ओढणाऱ्या माणसांनीही काही कमी ठेवलं नव्हतं. यंत्रानं वेग वाढवला एवढंच, आणि ते ‘एवढंच’ही काही थोडं नाही. १९६८ साली तिथे रेडवुड राष्ट्रीय उद्यान झालं, १९७८ साली ते वाढवलं. १९९० साली ठिपकेवाल्या घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि जुन्या जंगलांतली सरकारी तोड बरीच थांबली. आता तिथे कापतात ती बहुतेक पुन्हा वाढलेली, लहान झाडं. लाकडाच्या गिरण्यांनीही आपली यंत्रं लहान ओंडक्यांसाठी बदलून घेतली. इतकी की आज खरोखरच प्रचंड खोड आणून दिलं तर कित्येक गिरण्यांना ते चिरताच येणार नाही.

म्हणून बारच्या लांबीचा तक्ता मी पाहते तेव्हा मला त्यात झाडांची नोंदवही दिसते. ज्या मुलखात जेवढं झाड उरलं, तेवढा तिथला बार.

हे सगळं मी वाचायला घेतलं त्याला कारण झालं कोकणातलं वादळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. माड, पोफळी, आंबे, फणस, काही म्हणजे काही सुटलं नाही. रस्त्यांवर पडलेली झाडं कापत एनडीआरएफचे जवान गावागावांत पोचले ते ही साखळीची यंत्रं घेऊनच. वीज यायला कित्येक दिवस लागले. रस्ते मोकळे झाले, पण वाड्यांमधली झाडं ज्याची त्यानं काढायची होती. कुऱ्हाड घेऊन चार दिवसांत एक आंबा उलगडणारे गडीही आता कुठे राहिलेत? त्यामुळे पुष्कळांनी यंत्रं विकत घेतली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेल्यावर आणखी घेतली.

माझ्या भावाचा मुलगा त्यातलाच एक. त्याचा फोन आला, “आत्या, अठ्ठावन्न सीसीचं, बावीस इंची बारचं घेतोय. मोठं असलं की सगळ्यालाच चालतं.” आपल्याकडच्या दुकानांत हेच यंत्र सर्रास पुढे करतात, हे नंतर कळलं. मी म्हटलं, “अरे, वाडीत काय कापायचंय ते आधी मोजून तर बघ.” तो म्हणाला, “तू काय मोजायला सांगतेस, शाळेत आहे का मी?” पण मोजलंन बिचाऱ्यानं. पोफळ चार ते सहा इंच. माड फूटभर, बुंध्याशी थोडा जास्त. फणसाच्या फांद्या आठ-दहा इंच. आंबा मात्र एक तीन फुटांचा.

मग आम्ही फोनवर हिशेब केला. जाणकारांचा साधा ठोकताळा असा, की नेहमी जे कापायचं त्याच्या जाडीपेक्षा बार दोनेक इंच जास्त हवा. ‘नेहमी’ हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा लागणाऱ्या जाडीसाठी रोजचं ओझं वाढवायचं नाही. एखादं खोड जाड निघालंच तर दोन्ही बाजूंनी कापता येतं, म्हणजे १६ इंची बारनं सवादोन-अडीच फुटांपर्यंत जाता येतं, अर्थात करणाऱ्याला ते येत असेल तर. आणि लांबी मोजायची ती यंत्राच्या तोंडापासून बारच्या टोकापर्यंत. आत झाकणाखाली दडलेला भाग धरायचा नाही.

दुसरी गोष्ट एंजिनाची. बार लांब म्हणजे एका वेळी लाकडात रुतलेले दाते जास्त, ते ओढायला जोर जास्त. ३०-४० सीसीला १२ ते १६ इंच, ५०-६० सीसीला १६ ते २० इंच, ७० सीसीच्या यंत्राला २० ते २८ इंच, आणि पश्चिम अमेरिकेतल्यासारखा ३६ इंची लावायचा तर ९० सीसीच्या वर. लहान एंजिनाला लांब बार लावला की साखळी रखडते, तापते. साखळीला तेल पाजणारा पंपही त्या एंजिनाच्या मापाचाच असतो, त्याचं तेल टोकापर्यंत नीट पोचत नाही. अठ्ठावन्न सीसीला बावीस इंच चालत नाही असं नाही, पण ते अगदी काठावरचं माप आहे.

तिसरी गोष्ट कोणत्याही तक्त्यात नाही, ती कोकणातल्या माणसालाच कळावी. आमच्या वाड्यांत पावलापावलावर जांभ्या दगडाचे गडगे, पाटाचे काठ, आळी. खोड कापताना पलीकडून सहा इंच बाहेर आलेलं बारचं टोक जांभ्यावर घासलं की सगळ्या साखळीची धार क्षणात जाते, आणि टोक उसळलं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. त्यातून वादळात पडलेलं झाड हे साधं झाड नसतं. ते कुठे दाबलेलं, कुठे ताणलेलं असतं. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड वरून कापत गेलं की वरची फट मिटते आणि बार चिमटीत सापडतो. म्हणून वरून तिसरा हिस्सा कापून मग खालून वर यायचं. उपटलेल्या झाडाचं खोड बुंध्याशी तोडलं की मुळांचा सगळा पसारा झटक्यात परत उभा राहू शकतो, त्याच्या मागे उभं राहायचं नाही. अशा ठिकाणी आपल्या बारचं टोक कुठे आहे ते सतत दिसलं पाहिजे.

भाच्यानं शेवटी ४५ सीसीचं आणि १६ इंची बारचं यंत्र घेतलं. सोबत हातमोजे, चष्मा, कानांवरची झाकणं आणि पायांत जाड बूट, ही माझी अट. बारवर कोरलेले आकडेही त्यानं मला वाचून दाखवले. साखळी बदलताना लांबीइतकेच साखळीचा टप्पा, खोबणीची रुंदी आणि आतल्या कड्यांची संख्या हेही जुळावे लागतात, नुसतं ‘सोळा इंची द्या’ म्हणून भागत नाही. उभी झाडं तोडण्याचा मोह होऊ नये म्हणून त्याला आठवण करून दिली, की आंबा, फणस, जांभूळ ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, खासगी जागेत असली तरी परवानगी लागते. “पडलेलीच संपत नाहीयेत गं,” तो म्हणाला.

पोफळी आणि माड त्यानं एका पावसाळ्यात मोकळे केले. तीन फुटी आंब्यासाठी मात्र माणगावकडून एक माणूस बोलावला, चोवीस इंची बारचं मोठं यंत्र घेऊन. खोडाचे चार तुकडे त्यानं दोन्ही बाजूंनी कापून दुपारच्या आत केले. मग फांद्या उरल्या. तेव्हा त्यानं आपलं मोठं यंत्र ओसरीवर नेऊन ठेवलं आणि भाच्याला म्हणाला, “तुमचं ते लहान द्या जरा.”